‘स्वाभाविक’ इंग्रजीचा प्रश्न : राष्ट्रीय राजधानी क्षेत्र आणि मराठी भाषक

१. प्रास्ताविक

दुसरी भाषा बोलायला शिकणाऱ्याच्या वाटचालीत दोन टप्पे वेगळे करता येतात. व्याकरणदृष्ट्या चुकीचे वाक्य टाळणे हा पहिला टप्पा होय. व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही ऐकणाऱ्याला परके वाटणारे वाक्य टाळणे हा दुसरा. पहिल्या टप्प्याचा विचार व्याकरणकारांनी आणि पाठ्यपुस्तककारांनी विपुल केला आहे. दुसरा टप्पा मात्र ‘सरावाने येते’ असे म्हणून बहुधा सोडून दिला जातो. ‘व्हॉट इज युवर गुड नेम?’ हा प्रश्न या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्यात व्याकरणाचा कोणताही दोष नाही. ‘शुभ नाम’ विचारण्याची हिंदीतील आदरपद्धती त्यात उतरली आहे, एवढेच. दिल्लीतील एखाद्या कचेरीत किंवा आगगाडीच्या डब्यात हा प्रश्न विचारला गेला तर ऐकणाऱ्याला त्यात काहीही वावगे वाटत नाही. लंडनमधील श्रोत्याला मात्र तो चमत्कारिक वाटण्याचा संभव असतो. वाक्य तेच राहते. बदलतो तो श्रोता.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. स्वाभाविकता हा वाक्याच्या अंगी असलेला गुण नसून बोलणारा आणि ऐकणारा यांच्या संबंधातून सिद्ध होणारा गुण आहे. ‘स्वाभाविक इंग्रजी’ शिकविण्याचा दावा जेव्हा केला जातो, तेव्हा ‘कोणाच्या कानाला स्वाभाविक?’ हा प्रश्न अध्याहृत असतो. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद या परिसरात तो अधिक तीव्र होतो, कारण येथे इंग्रजी ऐकणारे कान अनेक आहेत आणि त्यांच्या अपेक्षा परस्परांशी जुळत नाहीत. या परिसरात येणाऱ्या मराठी भाषकाच्या संदर्भात या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. पाठमालेतील वाक्य आणि बोलण्यातील वाक्य

मराठी समाजातील इंग्रजी शिक्षणाची परंपरा प्रामुख्याने भाषांतराची परंपरा आहे. ‘तर्खडकर भाषांतर पाठमाले’वर मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्या वाढल्या. मराठी वाक्य द्यावे, त्याचे इंग्रजी करावे. इंग्रजी वाक्य द्यावे, त्याचे मराठी करावे, अशी तिची क्रमबद्ध रीत होती. वाक्यरचनेची पक्की जाण या रीतीने दिली, हे मान्य केले पाहिजे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावाशी जोडले गेलेले ‘वाघिणीचे दूध’ हे रूपक आणि सावित्रीबाई फुले यांनी ‘काव्यफुले’ (१८५४) या संग्रहात इंग्रजीचा केलेला गौरव, यांच्या सामाजिक भूमिका भिन्न आहेत. परंतु इंग्रजी म्हणजे ज्ञानाचे आणि सामर्थ्याचे साधन, ही जाणीव दोहोंत समान आहे. अशा भाषेत गप्पा माराव्यात, पाहुण्याला चहा विचारावा, शेजाऱ्याशी हवापाण्याचे बोलावे, ही गरज त्या काळी फारशी कोणाला भासली नाही.

ती गरज विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सार्वत्रिक झाली आणि तिला उत्तर देणारे सर्वांत लोकप्रिय पुस्तक दिल्लीतूनच निघाले. पुस्तक महल या प्रकाशनसंस्थेचा ‘रॅपिडेक्स इंग्लिश स्पीकिंग कोर्स’ हिंदीबरोबरच मराठीसह अनेक भारतीय भाषांच्या माध्यमांतून उपलब्ध झाला. साठ दिवसांची आखणी, देवनागरीत दिलेले उच्चार, प्रसंगवार संवाद आणि क्रिकेटपटू कपिल देव यांचा जाहिरातीतील चेहरा, या गोष्टींमुळे तो घरोघरी पोहोचला. ‘बोलणे’ हा शब्द त्याच्या नावातच होता. परंतु पद्धत पाहिली तर डावीकडे आपल्या भाषेतील वाक्य आणि उजवीकडे त्याचा इंग्रजी पर्याय, ही भाषांतराची जुनी चौकट येथेही मोठ्या प्रमाणात टिकून राहिली.

या चौकटीची मर्यादा मराठीच्याच उदाहरणाने स्पष्ट करता येईल. मराठी भाषक लिहिताना ‘मी काम करतो आहे’ असे लिहितो आणि बोलताना ‘मी काम करतोय’ असे म्हणतो. ‘आला आहे’चे ‘आलाय’, ‘नको आहे’चे ‘नकोय’ होते. लेखी रूप आणि बोली रूप यांतील हे अंतर त्याला कोणी शिकविलेले नसते. ते मातृभाषेबरोबरच आलेले असते. इंग्रजीतही असेच घडते. ‘आय ॲम’चे ‘आयम’ होते. ‘कप ऑफ टी’मधील ‘ऑफ’ जवळजवळ ऐकू येत नाही. परंतु छापील पानावरून इंग्रजी शिकलेला मराठी भाषक प्रत्येक शब्द सुटा, पूर्ण आणि सारख्याच वजनाने उच्चारतो. त्याचे बोलणे अशुद्ध नसते. मराठीत कोणी दिवसभर ‘मी येत आहे, मी जात आहे’ असे बोलत राहिला तर जसे वाटेल, तसे ते वाटते. म्हणजे अडचण ज्ञानाच्या अभावाची नसते. बोली आणि लेखी यांतील भेदाचे जे ज्ञान त्याच्यापाशी मातृभाषेत आहे, ते दुसऱ्या भाषेकडे वळविण्यास त्याला कोणी सुचविलेले नसते.

३. गुरगाव : दूरध्वनीच्या पलीकडचा श्रोता

इंग्रजी बोलण्याच्या शिक्षणाला राजधानी परिसरात उद्योगाचे रूप आले ते १९९० नंतरच्या दशकात. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीने १९९७ साली गुरगावात ‘जीई कॅपिटल इंटरनॅशनल सर्व्हिसेस’ हा विभाग सुरू केला. २००५ साली त्याचे नाव ‘जेनपॅक्ट’ झाले. त्यापाठोपाठ परदेशी ग्राहकांशी दूरध्वनीवर बोलणारी अनेक केंद्रे गुरगाव आणि नोएडा येथे उभी राहिली. गुरगावचे नाव २०१६ साली गुरुग्राम झाले, तोवर या व्यवसायाने शहराचा चेहरामोहरा बदलून टाकला होता.

या केंद्रांतील प्रशिक्षणाचा प्रमुख शब्द होता ‘ॲक्सेंट न्यूट्रलायझेशन’, म्हणजे उच्चारांतील प्रादेशिक छटा काढून टाकणे. ती काढल्यावर जे उरते त्याला ‘तटस्थ’ म्हणावे, अशी त्यामागची कल्पना होती. भाषाविज्ञानाच्या दृष्टीने ही कल्पना टिकणारी नाही. उच्चारांची ढब नसलेले बोलणे अस्तित्वात नसते. ज्याची ढब ऐकणाऱ्याच्या सवयीची असते, त्याला ती जाणवत नाही, इतकेच. गुरगावच्या कॉल सेंटरमध्ये स्वतः काम करून ए. अनीश यांनी लिहिलेला ‘न्यूट्रल ॲक्सेंट’ (२०१५) हा ग्रंथ आणि किरण मीरचंदानी यांचा ‘फोन क्लोन्स’ (२०१२) हा ग्रंथ, हे दोन्ही या तटस्थतेची घडण तपासतात. मीरचंदानी यांच्या विवेचनानुसार, आपण अस्सल आहोत असे पलीकडच्या व्यक्तीला वाटावे, यासाठी सतत केलेले श्रम हाच या कामाचा गाभा आहे. स्वाभाविक दिसण्यासाठी श्रम करावे लागणे, हा या व्यवसायातील मूलभूत अंतर्विरोध होय.

येथे एक भेद मात्र काटेकोरपणे केला पाहिजे. बोलणे समजणे ही एक गोष्ट आहे आणि बोलणारा कोठला हे न कळणे ही दुसरी. पहिलीसाठी काही उच्चारविशेष खरोखर आवश्यक असतात. हैदराबाद येथील केंद्रीय इंग्रजी संस्थेत आर. के. बन्सल यांनी भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला. शब्दांतील आघात आणि वाक्याची लय यांकडे त्यांनी लक्ष वेधले. जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, भिन्न मातृभाषांचे लोक इंग्रजीत बोलतात तेव्हा कोणते उच्चारविशेष सुबोधतेला आवश्यक ठरतात आणि कोणते ठरत नाहीत, याची विभागणी केली. मराठी भाषकाला ती उपयुक्त आहे. शब्दारंभी येणारा ‘प’ इंग्रजीत किंचित श्वासासह उच्चारला जातो. मराठी ‘प’ तसा नसल्याने मराठी भाषकाचा ‘पिन’ इंग्रजी कानाला ‘बिन’ ऐकू येऊ शकतो. ‘फोटोग्राफ’, ‘फोटोग्राफर’, ‘फोटोग्राफिक’ या तीन शब्दांत आघात तीन वेगळ्या ठिकाणी पडतो. मराठीत आघाताने अर्थ बदलत नसल्याने हा फरक सहज निसटतो. या गोष्टी शिकण्याजोग्या आहेत. उलट ‘थिंक’मधील ‘थ’ मराठी पद्धतीने दंत्य उच्चारला तरी अर्थबोधाला सहसा बाध येत नाही. तो बदलण्याचा आग्रह सुबोधतेपोटी नसून ओळख झाकण्यापोटी असतो.

चेतन भगत यांची ‘वन नाइट ॲट द कॉल सेंटर’ (२००५) ही गुरगावात घडणारी कादंबरी वाङ्मयीन गुणवत्तेच्या दृष्टीने वादग्रस्त असली, तरी या संदर्भात दस्तऐवज म्हणून महत्त्वाची आहे. तिचा निवेदक श्याम मेहरा रात्रपाळीत ‘सॅम मार्सी’ होतो. केवळ स्वर आणि व्यंजने नव्हेत, तर नावही बदलावे लागते. पुढे हा व्यवहार आणखी एका टप्प्यावर गेला. टेलिपरफॉर्मन्स या बहुराष्ट्रीय कंपनीने भारतीय कर्मचाऱ्यांचे उच्चार संभाषण चालू असतानाच बदलणारी संगणकप्रणाली वापरात आणल्याचे २०२५ साली प्रसिद्ध झाले. कर्मचारी आपल्या ढबीत बोलतो आणि ग्राहकाला वेगळी ढब ऐकू येते. प्रशिक्षणाचे श्रम यामुळे कमी होतात. परंतु ‘जुळवून कोणी घ्यायचे?’ या प्रश्नाचे उत्तर तेच राहते. श्रोत्याने आपला कान थोडा सैल करावा, ही शक्यता या व्यवहारात विचारात घेतलेलीच नसते.

४. मराठी भाषकाची पूर्वतयारी

स्वाभाविक बोलण्याचा उच्चारांइतकाच, किंबहुना अधिक महत्त्वाचा भाग म्हणजे संबंध राखण्याची रीत. ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनोव्हस्की यांनी १९२३ साली एक निरीक्षण मांडले होते : बोलण्याचा मोठा भाग माहिती देण्यासाठी नसून माणसे जोडून ठेवण्यासाठी असतो. ‘जेवण झालं का?’, ‘काय म्हणताय?’, ‘कुठे निघालात?’ हे मराठी प्रश्न याच जातीचे आहेत. त्यांना तपशीलवार उत्तर अपेक्षित नसते. त्यांचे शब्दशः इंग्रजी केले की ते चौकशीसारखे वाटतात. निरोप घेताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणणे अशुभ मानून ‘येतो’ म्हणतो. ‘आय विल कम’ असे त्याचे इंग्रजी झाले, तर ऐकणारा त्याची वाट पाहत बसेल.

विनंतीच्या बाबतीतही असेच आहे. मराठीत आदर सर्वनामात आणि क्रियापदाच्या रूपात सामावलेला असतो. ‘पाणी दे’, ‘पाणी द्या’, ‘पाणी देता का?’, ‘जरा पाणी द्याल का?’ या पायऱ्यांवर ‘कृपया’ची गरज भासत नाही, तो शब्द फलकांवर आणि घोषणांत राहतो. इंग्रजीत ‘यू’ एकच असल्याने या पायऱ्या सर्वनामातून व्यक्त होत नाहीत. मराठी भाषक मग ‘गिव्ह मी वॉटर’ला ‘प्लीज’ जोडतो आणि आपण पुरेसे नम्र बोललो असे समजतो. ऐकणाऱ्याला मात्र ती आज्ञाच वाटते, कारण इंग्रजीत नम्रता बहुधा क्रियापदाच्या भूतकाळी रूपातून येते : ‘कुड आय’, ‘वुड यू’, ‘आय वॉन्टेड टू आस्क’. हे तंत्र मराठीला अपरिचित आहे, असे सामान्यतः मानले जाते; पण ते खरे नाही. ‘जरा एक विचारायचं होतं’ असे म्हणणारा माणूस आत्ताच विचारू इच्छित असतो. भूतकाळाचा उपयोग तो केवळ विनंती सौम्य करण्यासाठी करतो. ‘आय वॉन्टेड टू आस्क’ची ही थेट समांतर रचना आहे. शिक्षकाने हे एकदा दाखवून दिले, तर शिकणाऱ्याला नवी नम्रता शिकावी लागत नाही. आपली नम्रता दुसऱ्या भाषेत कोठे ठेवायची, एवढेच शिकावे लागते.

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला ही प्रक्रिया ओळखीची वाटेल. संवादप्रधान कथेचा अनुवादक हेच काम करीत असतो. तो शब्दांचे नव्हे, तर दोन पात्रांतील अंतराचे भाषांतर करतो. दुसरी भाषा बोलणारी व्यक्ती ते क्षणोक्षणी आणि खाडाखोडीची सवलत नसताना करते.

५. दिल्लीची इंग्रजी आणि दुहेरी शिक्षण

परदेशी ग्राहक हा राजधानीतील एक श्रोता झाला. प्रत्यक्ष दिल्लीत बोलली जाणारी इंग्रजी ही त्याहून निराळी आहे. उपमन्यू चॅटर्जी यांच्या ‘इंग्लिश, ऑगस्ट’ (१९८८) या कादंबरीचा आरंभ मध्यरात्रीनंतरच्या नवी दिल्लीत होतो आणि तेथेच दोन मित्रांच्या बोलण्यात आपल्या संमिश्र इंग्रजीचा विषय निघतो. हिंदी-उर्दू शब्द इंग्रजी वाक्यात सहज मिसळणे ही या वर्गाची स्वाभाविकता होय. येथे मिश्रण हे उणिवेचे लक्षण नसून जवळिकीचे लक्षण आहे.

परंतु हे स्वातंत्र्य सर्वांना सारखे मिळत नाही. अरविंद अडिगा यांच्या ‘द व्हाइट टायगर’ (२००८) मध्ये मोटारचालक बलराम ‘पिझ्झा’चा उच्चार वेगळा करतो, तेव्हा मालक त्याची थट्टा करतो, आणि लगेच मालकाचाही उच्चार चुकीचा ठरविला जातो. शुद्धतेची ही उतरंड कोठेच थांबत नाही, हे त्या छोट्या प्रसंगातून दिसते. मराठी अभ्यासकाने येथे एक गोष्ट नोंदवावी. मराठीतील ‘ज’ दोन प्रकारे उच्चारला जातो : विश्व या अर्थाचा ‘जग’ आणि ‘जगणे’तील ‘जग’ यांत उच्चारभेद आहे. त्यामुळे जो ध्वनी बलरामला अडतो, त्याच्या जवळचा ध्वनी मराठी भाषकाला मुळातच उपलब्ध असतो. म्हणजे ‘भारतीय उच्चार’ नावाचा एकच दोष नाही. प्रत्येक भाषेची देणी आणि उणिवा वेगळ्या आहेत. दिल्लीत घडणाऱ्या ‘हिंदी मीडियम’ (२०१७) या चित्रपटात सुखवस्तू व्यापारी कुटुंबालाही इंग्रजीच्या अभावी कमीपणा सोसावा लागतो; पैशाने घर बदलता येते, बोलणे बदलता येत नाही, हे त्यातून दिसते.

महाराष्ट्रातून दिल्लीत आलेल्या व्यक्तीला येथे दुहेरी शिक्षण घ्यावे लागते. करोल बाग, राजेंद्र नगर, मुखर्जी नगर या भागांत संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मराठी तरुणांची परिस्थिती याचे उत्तम उदाहरण आहे. मुख्य परीक्षा मराठी माध्यमातून देणाऱ्याला मुलाखतही मराठीत देता येते. परंतु घरमालकाशी हिंदी, वाचनात इंग्रजी आणि शिकवणीत दोहोंचे मिश्रण, असा त्याचा दिवस असतो. ‘भैया’ या शब्दाला महाराष्ट्रात जी छटा चिकटली आहे, ती विसरून दिल्लीत तो साधे संबोधन म्हणून वापरायला शिकणे, हेही या शिक्षणात येते. अशा व्यक्तीची इंग्रजी हिंदीच्या संगतीत घडते. ‘सर’चे ‘सर जी’ होते. आयोगाच्या पूर्वपरीक्षेतील इंग्रजी आकलनाच्या प्रश्नांवरून २०१४ साली मुखर्जी नगरात मोठे आंदोलन झाले आणि त्या प्रश्नांचे गुण गुणवत्तेसाठी न धरण्याचा निर्णय सरकारला जाहीर करावा लागला. तो वाद लेखी परीक्षेपुरता असला, तरी त्यामागील वेदना व्यापक होती : भाषेचे ज्ञान तपासले जात आहे की सामाजिक पार्श्वभूमी?

६. समारोप

या विवेचनावरून इंग्रजी शिकण्याच्या आकांक्षेलाच विरोध सूचित होतो, असे मानणे चुकीचे ठरेल. दिल्लीस्थित दलित विचारवंत चंद्रभान प्रसाद यांनी २०१० साली उत्तर प्रदेशातील बांका या गावी इंग्रजी देवीच्या मंदिराचा संकल्प केला. त्यामागे इंग्रजी हे जातिबंधनातून सुटण्याचे साधन आहे, ही धारणा होती. सावित्रीबाईंच्या भूमिकेशी तिचे नाते स्पष्ट आहे. ज्यांना या भाषेपासून दूर ठेवले गेले, त्यांना ती सहजतेने बोलता यावी, हा न्यायाचाच प्रश्न आहे. मात्र ती सहजता म्हणजे दुसऱ्याच्या ओळखीचे अनुकरण, असा अर्थ झाला की, दारातून आत घेताना नाव बाहेर ठेवण्याची अट घातली जाते.

गौरी शिंदे यांच्या ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) या चित्रपटातील शशी गोडबोले ही पुण्यातील गृहिणी या प्रश्नाचे एक उत्तर सुचविते. घरातली माणसे तिच्या उच्चारांना हसतात. न्यूयॉर्कमध्ये ती चार आठवड्यांच्या वर्गात इंग्रजी शिकते आणि अखेर भाचीच्या लग्नात बोलते. ते बोलणे निर्दोष नाही. वाक्ये अडखळतात, ढब बदललेली नाही. परंतु तिला जे सांगायचे आहे आणि ज्यांना सांगायचे आहे, त्यांच्यापर्यंत ते पोहोचते. परतीच्या विमानात ती हिंदी वृत्तपत्र मागते, आणि तेही इंग्रजीतून. एका भाषेत सहजता आली म्हणून दुसरीला निरोप द्यावा लागत नाही, हे त्या मागणीतून सूचित होते.

स्वाभाविक इंग्रजीचे शिक्षण देऊ पाहणाऱ्याने म्हणूनच तीन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. समजण्यासाठी काय आवश्यक आहे? संबंध राखण्यासाठी काय आवश्यक आहे? आणि केवळ ओळख लपविण्यासाठी काय मागितले जात आहे? पहिल्या दोहोंची उत्तरे मराठीच्या सूक्ष्म अभ्यासातून मिळू शकतात. ‘करतोय’ आणि ‘विचारायचं होतं’ ही त्यांची साधी उदाहरणे आहेत. तिसऱ्या मागणीपुढे नमते घ्यायचे की नाही, हे पोटापाण्याच्या गरजेनुसार बोलणारा ठरवील. परंतु ती मागणी भाषेची नसून बाजाराची आहे, हे त्याला आधी स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे. ते सांगण्याची जबाबदारी भाषा-साहित्याच्या अभ्यासकांवर येते, कारण एका भाषेतील माणसाचा आवाज दुसऱ्या भाषेत कसा टिकवावा, हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय आहे.